अंगावर येणारे घोडे

धावता घोडा बहुतेक चित्रकार बाजूने रंगवतात. मान, पाठ आणि पाय यांची सलग रेषा तिथे मिळते, वेगाला दिशाही आपोआप लाभते. लेडी एलिझाबेथ बटलर यांनी 1881 मध्ये ‘स्कॉटलंड फॉरेव्हर!’ रंगवताना ही सोय नाकारली. वॉटर्लूच्या रणांगणावर 18 जून 1815 रोजी ‘स्कॉट्स ग्रेज’ या रिसाल्याने केलेला हा हल्ला. पण घोडे चित्रातून आडवे जात नाहीत, थेट आपल्या अंगावर येतात. करड्या-पांढऱ्या घोड्यांची रांग, लाल डगले, उंच केसाळ टोप्या, उगारलेल्या तलवारी. आणि हे सारे पाहणारी नजर खाली, जवळजवळ खुरांच्या पातळीवर.

शत्रू मात्र दिसत नाही. तो आपण उभे आहोत तिथेच असला पाहिजे. रचनेच्या तर्काने पाहणारा हा तुडवला जाणारा आहे. तरीही त्याला भय वाटत नाही; त्याचे मन बिनदिक्कत स्वारांबरोबर दौडू लागते. जागा बळीची आणि उन्माद विजेत्याचा, ही फारकत कशी घडते? मला वाटते, ती लय घडवते. एकाच दिशेने झेपावणारी इतकी शरीरे पाहिली की विवेकाआधी नाडी उत्तर देते. सौंदर्याचा हा जुना अपराध आहे, आणि चित्रकर्तीला तो ठाऊक नव्हता असे म्हणवत नाही. याच बाईंनी 1874 मध्ये ‘द रोल कॉल’मध्ये क्रिमियाच्या बर्फात हजेरीसाठी उभे असलेले थकलेले, जखमी शिपाई रंगवले होते. तिथे वेग नाही, म्हणून करुणेला अवसर आहे.

इतिहास या भरधाव वेगाला फारसा दुजोरा देत नाही. आदल्या रात्रीच्या पावसाने जमीन भिजलेली होती. ग्रेज बऱ्याचशा संथ चालीनेच शत्रूला भिडले, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे ते आवरले नाहीत, फार दूर गेले, आणि फ्रेंच भालाईतांनी दमलेल्या घोड्यांना गाठले. ब्रिगेडचे प्रमुख पॉन्सनबी त्यातच मारले गेले.

म्हणून चित्र खोटे ठरवावे काय? मी ठरवणार नाही. स्वारांचे चेहरे जरा झाकून केवळ घोड्यांचे डोळे पाहावेत. ते विस्फारलेले आहेत. स्कॉटलंड, सम्राट, विजय यांतले काहीच त्यांना ठाऊक नाही. लगाम दुसऱ्याच्या हाती आहे आणि समोर आपण आहोत.