सुंदर नगराचें ऋण

सौंदर्य पाहून मनुष्यास आनंद होतो, आणि त्या आनंदाबद्दल त्यास कोणी जाब विचारीत नाहीं. डोंगर कोणी उभारला, चांदणें कोणाच्या श्रमानें पडलें, हे प्रश्न कोणी करीत नाहीं. करण्याचें कारणहि नसतें. परंतु डोंगर आणि चांदणें हीं निसर्गाचीं देणीं होत. नगर हें मनुष्याचें कृत्य आहे. मनुष्याच्या कृत्यांत हेतु असतो व श्रम असतात, आणि पुष्कळदां हेतु एकाचा व श्रम दुसऱ्याचे असतात. म्हणून सुंदर नगर पाहतांना एक प्रश्न उत्पन्न होतो, तो असा: जें अन्यायानें उभें राहिलें, त्याच्या सौंदर्याचा उपभोग निर्मळ मनानें घेतां येईल काय? या प्रश्नाचा विचार एका प्रत्यक्ष नगराच्या आधारें करण्याचें आम्ही योजिलें आहे. कारण नीतीचे प्रश्न अधांतरीं सोडवूं लागलें म्हणजे त्यांचीं उत्तरें फार सोपीं येतात.

हें नगर म्हणजे दक्षिण अमेरिकेंत, कोलंबिया देशाच्या उत्तर किनाऱ्यावर, कॅरिबियन समुद्राच्या कांठीं असलेलें कार्ताहेना. १५३३ सालीं पेद्रो दे एरेदिया या स्पॅनिश सरदारानें तें वसविलें. पिवळ्या, निळ्या, गेरूच्या रंगाच्या भिंती. लांकडी सज्जे व त्यांवरून ओघळणारी बोगनवेल. अरुंद गल्ली संपते तेथें एकाएकीं दिसणारा तट, आणि तटापलीकडे पसरलेला समुद्र, असें या नगराचें रूप आहे. सायंकाळच्या वाऱ्यांत तटावरून फिरणें हें तेथें येणाऱ्यांचें मोठें सुख. १९८४ सालीं युनेस्कोनें या नगरास जागतिक वारशांत स्थान दिलें, तें योग्यच केलें. ज्यास येथें आनंद होत नाहीं त्याच्या नीतिमत्तेची स्तुति करण्यापूर्वीं त्याच्या डोळ्यांची परीक्षा करावी हें बरें.

आतां हा तट कां उभा राहिला तें पाहूं. पेरूची चांदी स्पेनकडे नेणाऱ्या आरमाराचें हें एक मुख्य ठाणें होतें. म्हणून लुटारूंचा डोळा त्यावर असे. १५८६ सालीं ड्रेक या इंग्रज दर्यावर्द्यानें नगर घेतलें आणि जबर खंडणी घेऊनच सोडलें. त्यानंतर बाउतिस्ता अंतोनेल्ली या इटालियन स्थापत्यकाराच्या आंखणीवर तटाचें काम सुरू झालें, आणि तें थांबत थांबत १७९६ सालापर्यंत चाललें. एकंदर लांबी सुमारें ११ किलोमीटर भरते. या खर्चाविषयीं एक दंतकथा आहे. स्पेनचा राजा राजवाड्याच्या खिडकींतून पश्चिमेकडे दुर्बीण लावून बसला. कां म्हणून विचारतां तो म्हणाला, एवढा पैसा ज्या तटावर ओतला, तो येथूनहि दिसला पाहिजे! कथा खरी असो वा नसो, हिशेब कशाचा होत होता तें तिच्यावरून कळतें. चांदी मोजली गेली. माणसें मोजण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. कारण तटाचे दगड वाहणारे बहुतेक हात आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांचे होते.

स्पॅनिश अमेरिकेंत गुलाम उतरविण्याचा सरकारी परवाना असलेल्या बंदरांपैकीं हें एक प्रमुख बंदर होतें. घड्याळाच्या मनोऱ्याखालील दरवाजांतून आंत शिरतांच जो चौक लागतो, तेथें माणसांचा बाजार भरे. मराठी वाचकानें ही गोष्ट सर्वस्वीं परकी समजूं नये. १५८० पासून १६४० पर्यंत स्पेन व पोर्तुगाल यांच्या डोक्यावर एकच मुकुट होता; या बंदरांत गुलाम आणून विकणारे पोर्तुगीज व्यापारी आणि वसई व गोवें येथें राज्य करणारे पोर्तुगीज अधिकारी हे त्या काळांत एकाच राजाचे प्रजाजन होते.

तटाचें काम शत्रूस बाहेर ठेवण्याचें. तें या तटानें उत्तम केलें. चिमाजीअप्पांनीं वसई घेतल्यानंतर दोनच वर्षांनीं, म्हणजे १७४१ सालीं, ॲडमिरल व्हर्नन प्रचंड इंग्रज आरमार घेऊन कार्ताहेनावर चालून आला, आणि ब्लास दे लेसो या एक पाय व एक डोळा गमावलेल्या सेनानीनें त्यास परत लाविलें. त्या वेढ्यांत मेलेल्या इंग्रजांच्या स्मरणार्थ २०१४ सालीं इंग्लंडच्या युवराजाच्या हस्ते एक शिला बसविण्यांत आली, तेव्हां नगरांत असा संताप उसळला कीं थोड्याच दिवसांत ती काढावी लागली. पावणेतीनशें वर्षांपूर्वींचा घाव इतका ताजा! बाहेरून झालेला घाव नगरें विसरत नाहींत. त्यांच्या दरवाजांतून दिवसाढवळ्या, कर भरून, जो अन्याय आंत आला, त्याची आठवण मात्र त्यांस करून द्यावी लागते.

या अन्यायापुढें दोन माणसें दोन रीतींनीं उभीं राहिलीं. पेद्रो क्लावेर हा जेझुइट १६१० सालीं येथें आला, आणि पुढें १६५४ सालीं मरेपर्यंत गुलामांची सेवा करीत राहिला. गलबत लागलें कीं फळें व औषधें घेऊन तो त्याच्या दुर्गंधीनें भरलेल्या तळांत उतरे. स्वतःस तो गुलामांचा गुलाम म्हणवीत असे. १८८८ सालीं त्यास संतपद मिळालें. आज नगरांतील एक भव्य चर्च त्याच्या नांवाचें आहे. दुसरा बेंकोस बियोहो. हा स्वतःच गुलाम. तो सोबत्यांसह पळाला, त्यानें रानांत वस्ती केली, व इतकी जरब बसविली कीं गव्हर्नरास त्याच्याशीं तह करावा लागला. पुढें १६२१ सालीं त्याच नगरानें त्यास फांशीं दिलें. एकानें दुःख हलकें केलें. दुसऱ्यानें दुःखाचें मूळच नाकारलें. पहिल्याची थोरवी आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु नगरास दया पचली आणि नकार पचला नाहीं, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मूळ प्रश्नास दोन उत्तरें देण्यांत येतात. एक असें, कीं झालें तें झालें; दगड निष्पाप आहेत, आणि इतक्या जुन्या पापाचा हिशेब आजच्या प्रवाशाकडे मागूं नये. यांत दगड निष्पाप आहेत एवढें खरें. कोलंबियानें १८५१ सालीं कायदा करून गुलामगिरी १८५२ च्या आरंभापासून बंद केली. त्या वेळीं भरपाई ठरली ती मालकांसाठीं, गुलामांसाठीं नव्हे. तेवढ्यानें हिशेब मिटला म्हणणें म्हणजे ऋणकोनेंच सावकाराच्या वहींत ‘भरून पावलों’ असें लिहून ठेवण्यासारखें आहे.

दुसरें उत्तर असें, कीं असलें नगर पाहूंच नये. हें कानास सात्त्विक लागतें, पण आम्हांस तें पहिल्याइतकेंच अन्यायाचें वाटतें. ज्यांनीं ते प्रवाळी दगड फोडले, वाहिले आणि रचले, त्यांचीं नांवें कोणी जपून ठेविलीं नाहींत. त्यांच्या हातांची खूण म्हणून हा तट उरला आहे. तो धिक्कारल्यानें राजास शिक्षा होत नाहीं. कारागिराची उरलीसुरली मालकी मात्र जाते.

आमच्या मतें येथें पाप हा शब्दच चुकीचा आहे. योग्य शब्द ऋण हा आहे. आपल्या शास्त्रकारांनीं मनुष्य ऋणें घेऊनच जन्मतो असें सांगितलें. ऋणी असणें हा अपराध नव्हे. ऋण नाकारणें हा अपराध. सुंदर नगर पाहणारा त्या क्षणीं ऋणको होतो, आणि त्या ऋणाचा पहिला हप्ता ज्ञानाचा आहे. कार्ताहेनांत १६१० सालीं स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा वाडा आज उभा असून तेथें संग्रहालय आहे. गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत चाललेल्या इन्क्विझिशनची इमारत मात्र उरलेली नाहीं. घर उभें असलें म्हणजे प्रश्न विचारावयास जागा राहते. म्हणून वाईट स्मृतीचीं घरेंहि जपावीं.

परंतु ज्ञानाचा हप्ता मेलेल्यांस पोंचतो. जिवंतांचें देणें त्यानें फिटत नाहीं. बियोहोस आपला संस्थापक मानणारें सान बासिलियो दे पालेंके हें गांव नगरापासून सुमारें ५० किलोमीटरांवर आजहि नांदत आहे. आफ्रिकी बोलींचा अंश राखणारी स्वतःची भाषा त्यानें टिकविली आहे. तेथील स्त्रिया भडक रंगाचे झगे घालून, डोक्यावर फळांची पाटी घेऊन कार्ताहेनाच्या चौकांत उभ्या असतात, आणि प्रवासी त्यांचीं छायाचित्रें घेतात. भिंत रंगीत आहे, फूल रंगीत आहे, तशी ही बाईहि रंगीत आहे, एवढेंच ज्यास दिसलें, त्यानें त्या जुन्या बाजारांतील गिऱ्हाइकाची दृष्टि अजून टाकिली नाहीं. तिच्याशीं फळाच्या भावाविषयीं, तिच्या गांवाविषयीं दोन शब्द बोलावे. ज्यांनीं नकार देऊन स्वातंत्र्य मिळविलें त्यांच्या वंशांतील स्त्रीशीं आपण बोलत आहों, हें ध्यानांत असावें. एवढें केल्यानें ऋण फिटणार नाहीं. पण ऋणकोनें धनकोच्या तोंडाकडे पाहून बोलावें, ही देणें कबूल करण्याची पहिली खूण होय. आणि तशी ज्यानें कबुली दिली, त्यानें तटावरचा सायंकाळचा वारा खुशाल घ्यावा.