ज्याचे त्याला

समान वागणूक म्हणजे सर्वांना एकच वागणूक काय? हा प्रश्न न्यायशास्त्राच्या ग्रंथांत जितका भेटतो, तितकाच शाळेच्या वर्गात आणि दिवाळीच्या फराळाच्या पंगतीतही भेटतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर; फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. तत्त्वज्ञानाच्या वाटेला सहसा जात नाही. परंतु या जुन्या प्रश्नावर अलीकडे मला उजेड मिळाला तो भलत्याच दिशेकडून, संगणकाच्या एका भाषेकडून.

केनेथ आयव्हर्सन हे कॅनडातील आल्बर्टा प्रांतात 1920 साली जन्मलेले गणिती. हार्वर्डला शिकवीत असताना विचार नेमका मांडता यावा म्हणून त्यांनी एक चिन्हलिपी रचली. 1962 साली ती पुस्तकरूपाने आली. पुढे तिचीच ‘एपीएल’ ही संगणकभाषा झाली. 1990 साली रॉजर हुई यांच्या साथीने त्यांनी ‘जे’ नावाची दुसरी भाषा सिद्ध केली. मास्तराला मौज वाटावी अशी गोष्ट म्हणजे, या भाषेत संख्यांना नामे म्हणतात आणि त्यांवर करावयाच्या कृतींना क्रियापदे!

या भाषांचे बळ असे, की एकदा ‘दुप्पट’ म्हटले की सारी रांग दुप्पट होते. 4, 9, 5 यांचे 8, 18, 10. लहानथोर हा भेदच नाही.

पण प्रत्येक संख्येला निराळी क्रिया लावायची असेल तर? रांगेत बसतात ती नामे. क्रियापदे कशी बसवावी? तोड व्याकरणातलीच आहे. ‘पहाटे उठणे बरे’ या वाक्यात आपण ‘उठणे’ या क्रियेचेच नाम करतो. तशीच ‘जे’मध्ये क्रियापदांची नामे करून ती एका गाठोड्यात बांधतात. मग दुप्पट, वर्गमूळ, वर्ग अशा तीन क्रिया घेऊन 4, 9, 5 यांच्याशी अनुक्रमे जोडल्या, की उत्तर येते 8, 3, 25. ज्याचे त्याला मिळाले!

मिळाले खरे, पण कशामुळे? 9 ला वर्गमूळ लाभले ते त्याच्या अंगच्या गुणामुळे नव्हे, तर तो दुसऱ्या जागी बसला होता म्हणून. त्याला पहिल्या जागी बसवा, उत्तर 18. आजोबांच्या पाटावर नातू येऊन बसला आणि पाट पाहून वाढणाऱ्याने त्याच्याच ताटात कुस्करलेली चकली वाढली, त्यातलाच हा प्रकार. पंगतीत आपण हसू. परंतु आपल्या समाजाने हाच प्रकार शतकानुशतके केला: जन्माने जागा ठरली, जागेने काम ठरले, आणि त्यालाच ‘ज्याचे त्याला’ असे गोंडस नाव दिले. त्यापेक्षा सर्वांना एकच नियम लावणारी आंधळी समता पुष्कळ बरी.

‘जे’मध्ये तिसरीही वाट आहे. तिला ‘अजेंडा’ म्हणतात. आधी समोरच्या संख्येलाच एक प्रश्न विचारायचा आणि उत्तर येईल त्याप्रमाणे गाठोड्यातली क्रिया निवडायची. येथे जागेचा मान संपला. माणूस पाहून वाढणे सुरू झाले. चांगला मास्तर हेच करतो. उशिरा येणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला तो रागावतो, आणि दूध घालून धावत आलेल्या दुसऱ्याला मुकाट्याने बसू देतो.

तरीही मला एक शंका छळते. प्रश्न कोणी ठरवायचा? ‘पाढे येतात का?’ एवढेच विचारले, तर ‘सकाळी काही खाल्लेस का?’ हे राहूनच जाते. चुकीच्या प्रश्नाला खरे उत्तर दिले, तरी निवाडा चुकतोच.

आणि इथेच संख्या व माणूस यांची वाट वेगळी होते. 5 ला वर्ग लावला तर तो ‘मला हे नको’ असे म्हणत नाही. मूल म्हणू शकते. आजोबाही म्हणू शकतात, ‘अरे, आज चकली अख्खीच दे, भिजवून खाईन.’ म्हणून माझ्यापुरता मी एवढाच नियम केला आहे: वागणूक निराळी असायला हरकत नाही, मात्र जिला ती मिळते त्या व्यक्तीला ‘का?’ असे विचारता आले पाहिजे, आणि आपल्यापाशी तिला सांगता येईल असे उत्तर असले पाहिजे. ‘तुझी जागाच ती’ हे ते उत्तर नव्हे.