उखळ, नख आणि फिरता पट्टा : घरातील व्यायामाच्या फळाविषयी

कर्माची फळे दोन प्रकारची असतात, असे पूर्वमीमांसा या यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या दर्शनाचे मत आहे. जे फळ कर्मानंतर प्रत्यक्ष दिसते ते दृष्ट फळ, आणि जे केवळ शास्त्रवचनाच्या आधारे मानावे लागते ते अदृष्ट फळ. हा भेद स्पष्ट करताना मीमांसक नेहमी भात सडण्याचे उदाहरण घेतात. यज्ञात पुरोडाश, म्हणजे आहुतीसाठीचा रोट, करायचा तर भाताचे तूस निघाले पाहिजे, आणि तूस निघणे हे सडण्याचे दृष्ट फळ उघडच आहे. परंतु तूस नखांनी सोलूनही निघते, मग उखळ आणि मुसळच कशासाठी, असा पूर्वपक्ष उभा राहतो. त्याचे उत्तर असे दिले जाते की, अनेक उपाय शक्य असताना शास्त्राने त्यांपैकी एकच नेमून दिला असेल, तर त्या नेमाच्या पालनातून तुसापलीकडचे असे काही अदृष्ट निपजते, आणि म्हणून नखांनी सोललेल्या तांदळाने पोळी होईल, यज्ञ होणार नाही. अशा विधीला नियमविधी म्हणतात. याला जोडूनच एक दुसरा भेद येतो. जे यज्ञाच्या सिद्धीसाठी केले जाते ते क्रत्वर्थ, आणि जे करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या हितासाठी केले जाते ते पुरुषार्थ. पुरुषार्थ हा शब्द येथे धर्म, अर्थ, काम, मोक्ष या परिचित चौकडीच्या अर्थाने नव्हे, तर या मर्यादित शास्त्रीय अर्थाने घ्यावयाचा आहे. घरच्या जेवणासाठी तांदूळ हवा असेल, तर तो उखळात सडावा, नखांनी सोलावा की गिरणीतून आणावा, याविषयी शास्त्र मौन पाळते.

या जुन्या चर्चेचे सर्व धागे एकत्र गुंफणारा सात खंडांचा ‘मीमांसाकोष’ सातारा जिल्ह्यातील वाई येथे, प्राज्ञपाठशाळेत तयार झाला. तेव्हा त्याच जिल्ह्यातील, आणि शेजारच्या सांगलीतील, एका अगदी आधुनिक वस्तूचा निवाडा त्या चर्चेच्या आधारे करून पाहणे अस्थानी ठरू नये. ती वस्तू म्हणजे घराच्या हॉलमध्ये किंवा बंदिस्त गॅलरीत ठेवलेली ट्रेडमिल, म्हणजे विजेच्या मोटारीवर फिरणारा पट्टा, ज्यावर माणूस चालतो परंतु जागचा हलत नाही. प्रश्न असा की, ही ट्रेडमिल म्हणजे नखांनी तूस सोलणे आहे काय, आणि असल्यास त्यात काही बिघडते काय.

हा प्रश्न याच भागात टोकदार व्हावा, याला कारण आहे. चालणे, वाकणे, चढणे या शारीरिक क्रिया येथे फार पूर्वीपासून देवाधर्माशी बांधलेल्या आहेत. समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकी चाफळ, मसूर, उंब्रज येथील मारुती सातारा जिल्ह्यात, तर बहे आणि शिराळा येथील सांगली जिल्ह्यात आहेत, आणि बलोपासनेची परंपरा त्यांच्याशी जोडून सांगितली जाते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंद आणि तरडगावच्या दरम्यान चांदोबाच्या लिंबापाशी उभे रिंगण होते, आणि पुढे फलटणचा मुक्काम लागतो. कृष्णाकाठी औदुंबरला दत्तभक्त प्रदक्षिणा घालतात. सज्जनगडाच्या पायऱ्या चढणाऱ्याला व्यायाम होतो, पण तो व्यायामासाठी चढलो असे म्हणत नाही. अशा प्रदेशात पट्ट्यावर चालणारा माणूस दोन बाजूंनी पेचात सापडतो: घरातील वडीलधारी मंडळी ‘चाललास तासभर आणि आहेस तिथंच’ असे म्हणून ते चालणे निकालात काढतात, तर आरोग्याचा व्यापार करणारे त्याच चालण्याला साधना, ध्यान, घरबसल्या वारी अशी भारदस्त नावे देऊन मोकळे होतात. यांपैकी पहिला आक्षेप निदान विचार करण्याजोगा आहे. दुसऱ्या दाव्याचे मूळ बहुधा विक्रीच्या हिशेबात सापडते.

पहिल्या आक्षेपाचा गाभा असा की, जे चालणे कोठेही पोहोचत नाही ते व्यर्थ होय. परंतु हे खरे मानले तर प्रदक्षिणाही व्यर्थ ठरते, कारण ती जेथून निघते तेथेच संपते. आणि सूर्यनमस्कार तर चटईच्या बाहेरही जात नाही. न पोहोचणे हा दोष नव्हे. दोष शोधायचाच असेल, तर तो या यंत्राच्या पूर्वजाकडे पाहून शोधावा. इंग्लंडमध्ये 1818 च्या सुमारास विल्यम क्यूबिट या अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक बनविले. कैद्याने तासन्‌तास पायऱ्या चढाव्यात, चाक फिरावे, आणि त्याने मात्र वर कधीच पोहोचू नये, अशी ती योजना होती. काही तुरुंगांत त्या चाकाला धान्य दळण्याची चक्की किंवा पाण्याचा पंप जोडलेला असे, तर काही ठिकाणी काहीच जोडलेले नसे, आणि श्रमातून काहीही निष्पन्न न होणे हाच शिक्षेचा भाग होऊन बसे. ही शिक्षा तेथे 1898 मध्ये कायद्याने बंद झाली. गीतेतील निष्काम कर्माशी या कर्माची गल्लत करू नये. निष्काम कर्मात फळ असते आणि कर्ता त्यावरची आसक्ती सोडतो. तुरुंगातील चाकात फळच काढून घेतलेले असते, आणि ते कर्त्याने नव्हे, दुसऱ्याने काढून घेतलेले असते. घरातील पट्ट्यावर चालणाऱ्याला हृदयाचे आरोग्य हे दृष्ट फळ मिळते, आणि तो पट्टा हवा तेव्हा थांबविण्याची मुभाही त्याच्याकडे असते, म्हणून हे साम्य केवळ आकारापुरते राहते.

घरच्या व्यायामाचे साधन परदेशातून यावे आणि त्याचा येथल्या परंपरेशी सामना व्हावा, हा प्रकार या भागाला नवा नाही. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी सँडो या प्रसिद्ध युरोपीय मल्लाची व्यायामसाधने आणि पुस्तके मागवून सुमारे दहा वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला, आणि पुढे, 1908 च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या आग्रहावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले. आज औंध सातारा जिल्ह्यात आणि मिरज सांगली जिल्ह्यात आहे, म्हणजे यंत्राकडून नमस्काराकडे झालेला हा प्रवास याच दोन जिल्ह्यांच्या भूमीवर घडला. बाळासाहेबांनी आपल्या संस्थानातील शाळांमधून नमस्कार सुरू केले, त्यांवर पुस्तके लिहिली, आणि 1938 मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंच्या संपादनाखाली त्यांची पद्धत लंडनहून इंग्रजी पुस्तकाच्या रूपाने बाहेर पडली.

येथे बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट अशी की, बाळासाहेबांनी नमस्कारांचा पुरस्कार मुख्यतः दृष्ट फळाच्या आधारे केला. नमस्काराबरोबर उच्चारावयाची बीजाक्षरेसुद्धा त्यांनी शरीराच्या भाषेत समजावून दिली: त्या ध्वनींच्या कंपनांनी छाती, कंठ, उदर यांतील इंद्रियांना चालना मिळते, असा त्यांचा युक्तिवाद होता. साधन सर्वांसाठी खुले करण्याचा हा उदार मार्ग होता, यात शंका नाही. परंतु मीमांसकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याची किंमतही मोजावी लागते. मंत्राचे समर्थन कंपनांनी झाले, की त्याच कंपनांचे दुसरे एखादे साधन निघताच मंत्र अनावश्यक ठरतो. नमस्कार चांगला, कारण त्याने घाम येतो, असे एकदा म्हटले, की घाम आणणारी ट्रेडमिल त्याच्या बरोबरीने येऊन बसते, आणि मग तिला धर्माच्या नावाने हाकलता येत नाही. घरात ट्रेडमिल आली म्हणून परंपरा बुडाल्याची खंत करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की नमस्काराला दृष्ट फळाच्या तराजूत बसविण्याचे काम पट्टा येण्याच्या फार आधी, आणि नमस्काराच्या सर्वांत निष्ठावंत पुरस्कर्त्याच्या हातून, सुरू झाले होते.

याच काळातील दुसरे उदाहरण वाईचे आहे. गांधीजींच्या आश्रमातून एका वर्षाची रजा घेऊन विनोबा भावे 1917 मध्ये वाईस आले आणि नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी प्राज्ञपाठशाळेत उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रभाष्य शिकले. हेच नारायणशास्त्री पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, आणि ‘मीमांसाकोष’ हे त्यांचेच कार्य. विनोबांची प्रकृती त्या वेळी बरी नव्हती. वर्षअखेरीस, 1918 च्या फेब्रुवारीत, त्यांनी गांधीजींना पाठविलेल्या वृत्तान्तात अध्ययनाबरोबर शरीरसुधारणेचाही हिशेब दिला आहे: आधी रोज दहा-बारा मैल चालणे, नंतर जात्यावर धान्य दळणे, आणि त्यानंतर तीनशे सूर्यनमस्कार. या तीन पायऱ्यांचे फळ शरीरापुरते पाहिले तर एकच आहे. तरीही तिन्ही क्रिया आपल्या फळाबरोबर शरीराबाहेरचे काहीतरी धरून आहेत. चालण्याला रस्ता, मुलूख आणि वाटेतील माणसे आहेत; दळण्यातून पीठ पडते आणि ते कोणाच्या तरी पानात जाते; नमस्कार सूर्याला उद्देशून आहे. ट्रेडमिलपाशी या तिन्हींपैकी एकही नाही. तिचे फळ चालणाऱ्याच्या देहात सुरू होऊन देहातच संपते, आणि ती मीमांसकांच्या काटेकोर अर्थाने पुरुषार्थ आहे.

हे तिचे वर्णन आहे, तिच्यावरचा आरोप नव्हे. यज्ञ नसेल तेथे नखांनी तूस सोलणाऱ्याला पाप लागत नाही. उलट, जे केवळ दृष्टार्थ आहे ते दृष्ट कसोट्यांवरच निवडले पाहिजे, एवढी शिस्त यातून निघते. आणि ती शिस्त पाळली जात नाही, म्हणून कित्येक घरांत वर्षभरातच या यंत्रावर टॉवेल वाळत घातलेले दिसतात. हृदयविकार, मधुमेह, गुडघेदुखी यांपैकी काही असल्यास प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. मराठी माणसाची पट्ट्याशी पहिली गाठ अनेकदा रुग्णालयातील टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून घेतलेल्या हृदयाच्या, चाचणीतच पडते. 1963 मध्ये रॉबर्ट ब्रूस या अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञाने रूढ केलेल्या तिच्या पद्धतीत पहिली तीन मिनिटे ताशी 2.7 किलोमीटर वेगाने आणि दहा टक्के चढावर चालवितात, आणि दर तीन मिनिटांनी वेग व चढ दोन्ही वाढवितात. ती परीक्षा होय, रोजचा व्यायाम नव्हे, आणि घरी तिची नक्कल करू नये. यंत्र घेताना मोटारीची क्षणिक कमाल शक्ती न पाहता सलग टिकणारी अश्वशक्ती विचारावी. केवळ चालणाऱ्याला दोनच्या आसपास पुरते, धावणाऱ्याला अडीच ते तीन लागते. पट्ट्याची लांबी चालण्यासाठी सुमारे 120 सेंटिमीटर पुरते, उंच माणसाला किंवा धावणाऱ्याला 140 च्या पुढची हवी. अर्थिंग असलेला पंधरा अँपिअरचा स्वतंत्र प्लग, मागे दोन मीटर मोकळी जागा आणि पट्ट्याखाली अधूनमधून सिलिकॉन तेल, या गोष्टी दुकानात सांगितल्या जातातच असे नाही. सांगलीच्या पूररेषेजवळ राहणाऱ्यांनी एक जास्तीचा विचार करावा: मोटार जमिनीलगत असते, आणि 2005 व 2019 च्या महापुरांनंतर तळमजल्यावर असे यंत्र ठेवणे शहाणपणाचे म्हणता येत नाही.

वापरातील एक बारीक तपशील तत्त्वचर्चेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. पट्टा सुरू करताना दोन्ही पाय कडेच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवावेत, लाल दोरीची सुरक्षाकिल्ली कपड्याला अडकवावी, म्हणजे तोल गेल्यास ती निसटून यंत्र थांबते, आणि वेग अगदी कमी असताना पट्ट्यावर उतरावे; लहान मुले घरात असल्यास वापर संपताच किल्ली काढून ठेवावी. हे झाल्यावर चढ वाढवून कठड्याला घट्ट धरून चालणारे पुष्कळ जण आढळतात. कठडा धरला की शरीराचा काही भार हातांवर जातो आणि श्रम कमी होतात, परंतु पडद्यावरचा कॅलरींचा आकडा मात्र तसाच चढत राहतो, कारण तो वेग, चढ आणि वजन यांवरून मांडलेला अंदाज असतो आणि हात कोठे आहेत हे यंत्राला कळत नाही. फळाची आसक्ती म्हणून गीता जिचा निषेध करते, ती येथे एका चमत्कारिक रूपात दिसते: माणूस फळाला नव्हे, फळाच्या आकड्याला चिकटतो, आणि आकड्यासाठी खुद्द फळ कमी करून घेतो. पडद्यावर रुमाल टाकून चालणे हा यावर सोपा उपाय आहे. आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची किमान मर्यादा मोजायला भिंतीवरचे घड्याळ पुरते, आणि श्रम मध्यम आहेत की नाहीत, हे चालताना बोलता येते पण गाता येत नाही, एवढ्यावरून कळते.

राहिला प्रश्न ‘घरबसल्या वारी’चा. मीमांसेत प्रतिनिधीची, म्हणजे नेमलेल्या वस्तूऐवजी दुसरी वापरण्याची, चर्चा तपशीलवार आहे. नेमलेले भात न मिळाल्यास त्याच्यासारखे रानभात, नीवार, वापरून नित्यकर्म पार पाडता येते. परंतु मीमांसासूत्रकार जैमिनीने या सवलतीला मर्यादा घातली आहे, आणि ती अशी की, देवता, अग्नी, मंत्र आणि स्वतः क्रिया यांना प्रतिनिधी नसतो. वारीत चालणे ही द्रव्यस्थानी असलेली गोष्ट नसून तीच क्रिया आहे, आणि चालण्याच्या एका टोकाला पंढरी आहे. म्हणून पट्ट्यावर कापलेले अंतर, ते आळंदी-पंढरपूरच्या अंतराएवढे भरले तरी, वारीचा प्रतिनिधी होऊ शकत नाही. नामाची गोष्ट वेगळी. भक्तिसंप्रदायाने नामाला स्थळकाळाचे बंधन ठेवलेले नाही, त्यामुळे पट्ट्यावर हरिपाठ म्हणणाऱ्याचे नाम नामच राहते आणि चालणे चालणेच राहते. एकाने दुसऱ्याला पवित्र करण्याची गरज पडत नाही.

परंतु यातून आणखी एक सूक्ष्म प्रश्न निघतो. साठी उलटलेला लोणंदचा एखादा गृहस्थ आषाढाच्या आरंभी तरडगावपर्यंत पालखीबरोबर चालता यावे, एवढ्याच हेतूने हिवाळ्यापासून घरी पट्ट्यावर चालण्याचा सराव करतो, त्या सरावाला वारीचे अंग म्हणावे काय? मीमांसकांनी याच्याशी जुळणारा प्रश्न धनाच्या बाबतीत विचारला होता: यज्ञ धनावाचून होत नाही, तर धन मिळविणे हे यज्ञासाठीचे कर्म मानावे की माणसासाठीचे? त्यांचा निर्णय असा की, ते माणसासाठीचेच; मिळविलेले धन पुढे यज्ञात गेले, तरी मिळविण्याच्या कृतीला यज्ञाचे नियमही लागू होत नाहीत आणि यज्ञाचे पुण्यही चिकटत नाही. त्याच न्यायाने त्या गृहस्थाने पट्ट्यावर कमावलेले पायांचे बळ त्याचे स्वतःचे आहे, त्यासाठी त्याने कोणता वेग ठेवावा, कोणत्या वेळी चालावे, समोर दूरदर्शन लावावे की नाही, हे सर्व त्याच्या सोयीवर सोडलेले आहे, आणि नीरेच्या पुलापाशी पालखी येईपर्यंत त्याची वारी सुरू झालेली नसते.