रिंगणातली मोकळी जागा

बेलवाडीच्या रिंगणाला पुढची जागा हवी तर उजाडायच्या आत घर सोडावं लागतं. तुकोबांची पालखी आदल्या दिवशी बारामतीहून काटेवाडीला येते. तिथं परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्यांचं रिंगण होतं आणि मग सणसरचा मुक्काम. सकाळी बेलवाडीत गोल रिंगण, पुढं निमगाव केतकी, मग इंदापूर. आमच्या भागातल्या पोरासोरांनाही हा क्रम तोंडपाठ असतो. एका वर्षी माझी भाची बरोबर होती. पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आम्ही मांडीला मांडी लावून मातीत बसलो होतो. मागून कुणाच्या तरी पिशवीतला टाळ तिच्या पाठीला लागत होता.

"मामा, इथं एवढी दाटी आहे, पण जीव घाबरत नाही," ती म्हणाली आणि थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं सांगितलं.

जपानी ॲनिमेच्या चाहत्यांचा एक मेळावा होता. आवडत्या पात्राचा वेश करून जायचं, कॉस्प्ले म्हणतात त्याला. पोरगी दोन महिने त्यासाठी खपली होती. फोमचं चिलखत कापलं, रंगवलं, शिवण आईकडून घालून घेतली. तिथं लोक कौतुकानं फोटो मागत होते, ती आनंदानं उभी राहत होती. तेवढ्यात एक जण पात्राचं नाव ओरडत धावत आला आणि त्यानं तिला घट्ट मिठी मारली. सोडेचना. दुसऱ्यानं फोटोच्या निमित्तानं कमरेला हात घातला. चिलखताची एक पट्टी तुटली, ती नंतर तिनं पिशवीत घालून घरी आणली.

"त्यानं मिठी त्या कॅरेक्टरला मारली, मामा. पण आत मीच होते ना."

मी विचारलं, तू काही बोलली नाहीस? तिनं मोबाइल काढून फोटो दाखवला. फोटोत ती हसत होती. "हसू आपोआप येतं," ती म्हणाली.

ते हसू कुठून आलं, हे मला माहीत होतं. ती चार वर्षांची असताना इंदापुरात घरचं लग्न होतं. आईच्या पदराआड उभी होती. मी म्हणालो, "मामाला पापी दे की!" तिनं मान हलवली. मी तिला उचललं आणि गालाची पापी घेतलीच. तिनं दोन्ही हातांनी माझी छाती मागं ढकलली होती, ते आजही आठवतं. सगळे हसले. "लाजते," असं कुणीतरी म्हणालं. ती लाजत नव्हती, नको म्हणत होती. आम्ही दहा जणांनी मिळून तिला शिकवलं की आपल्या माणसांना नको म्हणायचं नसतं, हसायचं असतं. असे किती मामा, काका, आत्या त्या एका लग्नात होते. तिच्या फोटोतल्या हसण्यात माझाही वाटा आहे, आणि हे मला तिथं मातीत बसल्या बसल्या तिला सांगावंसं वाटलं. सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त सरकून जरा जवळ बसली.

न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉन या अशाच मेळाव्यात 2014 साली मोठे फलक लावले होते: वेश केला म्हणजे संमती दिली असं नाही. फोटो काढण्याआधीही विचारा, असं त्यावर बजावलं होतं. हे वाचून काही जण म्हणतात, ही तिकडची थेरं, आपल्याकडं जिव्हाळा असतो. मला हे मुळीच पटत नाही. 'अंगचटीला येणं' हा शब्द काही न्यूयॉर्कहून आलेला नाही. आमच्या आज्या तो वापरायच्या, आणि वापरताना त्यांचा आवाज बदलायचा. जिव्हाळा आणि अंगचट यांतला फरक त्यांना चांगला कळत होता. पंचाईत एवढीच की त्या तो शब्द पोरीला सावध करायला वापरायच्या, पोराला समज द्यायला क्वचितच. कायद्यात कलमं आहेत, हवीतच. पण बहुतेक पोरी ठाण्याची पायरी चढत नाहीत, त्या पुढच्या वर्षी मेळाव्याला जात नाहीत. दोन महिने खपून केलेलं चिलखत माळ्यावर जातं. मला राग येतो तो याचा.

वारीत माणसं भेटतात ती उराउरी. बापईगडी एकमेकांना कवटाळतात, डोळे पुसतात. पण ती भेट कशी होते ते नीट पाहावं. आधी "माउली" अशी हाक येते. मग दोघंही वाकतात, दोघांचेही हात एकमेकांच्या पायांकडं जातात. थोरलं कोण, धाकटं कोण, याचा हिशेब तिथं नसतो. मिठी झालीच तर त्यानंतर. गर्दीचा फायदा घेणारे हात वारीतही घुसतात, साध्या वेशातले पोलीस उगाच फिरत नाहीत. पण त्या हातांना तिथं कुणी भक्ती म्हणत नाही.

रिंगण लागलं. आधी पताकावाले धावले, मग डोईवर तुळस घेतलेल्या बाया, हंडेवाल्या, विणेकरी, पखवाजवाले. शेवटी अश्व. एवढा समुदाय, पण मधली वाट मोकळी. अश्वाला हात लावायची इच्छा कुणाला नसते? तो दोन हातांवरून जातो, त्याच्या अंगाचा वास येतो, टापांची माती तोंडावर उडते. तरी कुणी हात पुढं करत नाही. तो निघून गेल्यावर लोक धावतात आणि टापांखालची माती कपाळाला लावतात. भाचीनंही लावली.

मग गलका झाला, फुगड्या सुरू झाल्या. एक म्हातारे वारकरी समोरून येत होते, पांढरं धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं. "माउली" म्हणत ते भाचीच्या पायांशी वाकायला लागले. ती दचकून दोन पावलं मागं सरली. मी तोंड उघडणार होतो, अगं, रीत असते ती. त्याच्या आधी म्हातारबाबाच थांबले. अर्धे वाकलेले होते तसेच सरळ झाले, जागेवरूनच हात जोडले आणि म्हणाले, "बरं माउली, हितूनच."

तिनंही हात जोडले. ते पुढच्या माणसाकडं गेले, त्याच्या पाया पडले, त्याच्या गळ्यात पडून हसले. भाची त्यांच्याकडं बघत राहिली. पुढं झाली नाही. मीही तिला जा म्हटलं नाही. पालखी निमगावच्या वाटेला लागली तशी आम्ही पाण्याची बाटली भरून घेतली आणि दिंडीच्या मागं चालू लागलो.