हस्की आणि वऱ्हाडचं ऊन

'हस्की' म्हटलं की आज अकोल्या-अमरावतीच्या लेकराच्याही डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं: निळ्या डोळ्यांचा, दाट केसांचा, लांडग्याच्या तोंडवळ्याचा कुत्रा. इंग्रजीत मात्र या शब्दाच्या पोटात बरंच काही आहे. घोगरा आवाज हस्की, टरफलांनी भरलेलं धान्य हस्की, धिप्पाड दणकट गडीही हस्की. अमेरिकेत अंगानं भरलेल्या मुलांच्या कपड्यांच्या मापाला कित्येक वर्षं हेच नाव होतं.

कुत्रा सोडला तर यातले बाकीचे अर्थ एकाच घराण्यातले आहेत, आणि ते समजून घ्यायला अकोल्यासारखी दुसरी जागा नाही. इथल्या एमआयडीसीतल्या एखाद्या डाळ मिलमध्ये पाऊल टाकून बघा. तूर आधी चाळणीवर येते, मग रोलरमधून जाताना दाण्याच्या सालीला ओरखडे पडतात. तेलाचा हात लावून तिचा ढीग मुरत ठेवतात, उन्हात वाळवतात, पुन्हा रोलरला घालतात. तेव्हा कुठं टरफल सुटतं आणि डाळ पिवळीधमक बाहेर पडते. टरफल, कणी आणि चुरा मिळून होते ती चुनी ढोरांच्या पुढ्यात जाते. हे काम खेड्यातही व्हावं म्हणून डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली आणि ती विदर्भातल्या बचत गटांपर्यंत पोचली. मोठ्या मिलमध्ये मशीन चालू असताना हवेत टरफलांची बारीक पूड तरंगत असते. तिथं अर्धा तास थांबलात की घसा खरखरतो, बोलताना आवाज ओढल्यासारखा निघतो. इंग्रजांनी अठराव्या शतकात कोरड्या घशाच्या आवाजाला टरफलाचंच नाव का दिलं असेल, याचा उलगडा त्या मिलच्या दारातच होतो.

दणकटपणाचा अर्थ अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकातला. मक्याच्या कणसावरचं चिवट आवरण हाताला लागलेल्या लोकांनी तो माणसाला लावला असावा. आणि 'हस्क' म्हणजे टरफल हा मूळ शब्द जुन्या डचमधल्या 'छोटं घर' अशा अर्थाच्या शब्दावरून आला असावा, असं भाषेचे अभ्यासक मानतात. दाण्याचं छोटं घर. मला हा अर्थ फार आवडतो. आपण वऱ्हाडी लोक टरफल, फोल, कोंडा, भुसा, कुटार, चुनी असं प्रत्येकाला वेगळं नाव देतो, कारण त्यातलं काय गाईला चालतं आणि काय बैलाला, हे आपल्याला रोज ठरवावं लागतं.

कुत्र्याचं नाव या घराण्यातलं नाही. त्याची वाट वेगळी आहे आणि ती सुखाची नाही. कॅनडाच्या उत्तर किनाऱ्यावर व्यापाराला गेलेल्या इंग्रजांनी तिथल्या बर्फाळ मुलखातल्या लोकांना 'एस्किमो' म्हटलं. त्या नावाचे बोलताना अनेक अपभ्रंश झाले आणि त्यांतल्याच एकाचं तुटून 'हस्की' झालं. 1830 च्या सुमारास हा शब्द माणसांसाठी वापरात होता. पुढच्या वीसेक वर्षांत तो त्यांच्या गाडीच्या कुत्र्यांवर गेला आणि तिथंच चिकटला. ते लोक स्वतःला इनुइट म्हणवतात. 'एस्किमो' हे नाव त्यांना दुसऱ्यांनी दिलं, आणि त्यांच्यातल्या अनेकांना ते अपमानाचं वाटतं. एका समाजाचं बिघडवलेलं नाव त्याच्याच कुत्र्याला द्यावं आणि पुढं जगानं फक्त कुत्रा लक्षात ठेवावा, याचा मला मनापासून त्रास होतो.

आपल्याकडे दिसतो तो सायबेरियन हस्की तर त्या लोकांचाही नाही. ईशान्य सायबेरियातल्या चुकची लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तो जोपासला. थोड्या अन्नावर, हलकं ओझं घेऊन, बर्फावरून मैलोन्‌मैल धावणारा कुत्रा त्यांना हवा होता. 1908 च्या सुमारास हे कुत्रे शर्यतींसाठी अलास्कातल्या नोम गावी आले. 1925 च्या जानेवारीत त्याच नोममध्ये घटसर्पाची साथ आली. मुलांचे घसे धरले, जीव जाऊ लागले. बंदर गोठलेलं, विमानाचा भरवसा नाही. तेव्हा वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या गाड्यांनी टप्प्याटप्प्यानं, एकाकडून दुसऱ्याकडे देत, सुमारे 1,085 किलोमीटरचा बर्फ साडेपाच दिवसांत पार करून घटसर्पावरचं प्रतिविष गावात पोचवलं. वाटेत थंडी उणे 30 अंशांच्याही खाली होती. शेवटचा टप्पा धावलेल्या बाल्टो या कुत्र्याचा पुतळा न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आहे. सर्वांत लांब आणि अवघड पल्ला मात्र गाडीवान लिओनार्ड सेप्पालाच्या टोगो या कुत्र्यानं ओढला होता, वयाच्या बाराव्या वर्षी. हे काम ज्याच्या अंगानं केलं, ते अंग समजून घ्यायला हवं.

हस्कीच्या कातडीवर केसांचे दोन थर असतात. आत लोकरीसारखा मऊ, दाट थर आणि वर लांब, राठ केस. झोपताना तो शेपूट नाकावर ओढून घेतो, म्हणजे श्वासाची ऊबही वाया जात नाही. उष्णता बाहेर जाऊ द्यायची नाही, यासाठीच हे सगळं शरीर घडलं आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. त्याच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं. आता आपला मे आठवा. पारा 45 च्या पुढं, रस्ते दुपारी ओस, नवतपा लागलेला. बाहेरची हवाच अंगापेक्षा गरम असली की उष्णता बाहेर पडायच्या ऐवजी आत येते, आणि सारा भार त्या धापांवर पडतो.

अशा उन्हाळ्यात एका घरातला हस्की मी जवळून पाहिला आहे. दुपारी लाइट गेली आणि कूलर थांबला की तो उठून न्हाणीघरात जातो. मोरीच्या ओल्या फरशीवर पोट टेकून चारी पाय पसरतो. कुशी भात्यासारख्या हलत असतात. घरचे लोक जीव लावणारे होते, दर तासाला त्याच्या भांड्यातलं पाणी बदलत होते. त्यांच्या मायेत काही कमी नव्हतं. जागाच चुकली होती.

ज्यांच्याकडे हा कुत्रा आधीच आहे, त्यांना मी दोष देत नाही. एवढंच सांगतो, त्याचे केस भादरू नका. तेच केस त्याला उन्हापासूनही थोडं वाचवतात. फिरवायला सूर्य उगवायच्या आधी न्या. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसतो. लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले तर त्याला सावलीत घ्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच पशुवैद्याकडे न्या. घरीच बरा होईल म्हणून वाट पाहू नका.

आणि ज्यांनी अजून घेतलेला नाही, त्यांना विनंती आहे. लेकरानं मोबाइलवर निळे डोळे पाहून हट्ट धरला, तर त्याला नोमची गोष्ट सांगा, टोगोचं नाव सांगा, चुकची आणि इनुइट लोकांची नावं सांगा. हस्की मात्र आणू नका. आपल्या गल्लीतलं आखूड केसांचं, उभ्या कानांचं गावठी पिल्लू घरी आणा. त्याच्या अंगाला हे ऊन पिढ्यांपासून ठाऊक आहे. त्याला रेबीजची लस द्या, सावलीत पाण्याचं भांडं ठेवा आणि घरचं नाव द्या.