पडीत जमीन आणि राजाचे दान

भूमिदानासारखे पुण्य नाही, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो आहो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत मात्र, सहाव्या अध्यायात, यासंबंधी एक अडचणीचा प्रश्न आहे. विश्वजित् यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यावयाचे. मग राजाने पृथ्वीही द्यावी काय? उत्तर नकारार्थी आहे. भूमी सर्वांना सारखीच. ती एकट्या राजाच्या देण्याची वस्तू नव्हे.

हा वाद केवळ पंडिती नाही. बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात सोनगड-व्यारा हा रानाचा मुलूख. त्यास रानी महाल म्हणत. पिलाजीराव गायकवाडांनी 1719 साली सोनगड घेतले आणि राज्य तेथून वाढले. रान मोडून वसाहत करविणे हे प्रजापालनच, ही समजूत जुनी; मराठेशाहीतील कौल-इस्तावा तिच्यातूनच आला. 1881 साली सयाजीराव महाराजांना पूर्ण अधिकार मिळाल्यावर मोजणी, जमाबंदी आणि जंगलखाते या डोंगरांत स्थिरावले. जेथे नांगर नाही ती पडीत, आणि पडीत ती सरकारची, असा हिशेब झाला. हेतू वाईट नव्हता. 1885 साली महाराजांनी सोनगडास आदिवासी मुलांसाठी वसतिगृहही काढले.

शेत त्याचे, ज्याने तेथील खुंट काढले, असे मनूने नवव्या अध्यायात म्हटले आहे. पण फिरती शेती करणारा, आपल्या गोमंतकातील कुमेरीवाल्याप्रमाणे, खुंट राखतो. दोन-तीन पिके घेऊन पुढे जातो, आणि त्या खुंटास पुन्हा पालवी फुटते. रानाला परत येण्यास ज्याने वाट ठेवली, तोच या न्यायाने हक्कास मुकावा काय? मला हे पटत नाही. मोजणीच्या साखळीमागे वही घेऊन चालणाऱ्यांत आपले दक्षिणी कारकूनही होते. तेव्हा हा प्रश्न केवळ दरबारावर ढकलून चालणार नाही.

ज्यांच्या नावे जमीन लागली त्यांचेही सगळेच साधले नाही. कागद झाला की तो गहाण पडतो. पुष्कळ शेते दारूविक्रेत्यांकडे व सावकारांकडे गेली. 1922 साली देवीच्या आदेशाने याच लोकांनी दारू सोडली आणि त्या जमीनदारांकडे मजुरीस जाणे नाकारले.

सोनगड आज गुजरातच्या तापी जिल्ह्यात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे तेथील आदिवासीस 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. जुनी सरकारी दप्तरे पुरावा म्हणून चालतात. गावातील वृद्धाचे तोंडी कथनही चालते. मात्र ते लिहून घ्यावे लागते.