उद्याची चिंता कुणाची?

मत्तयच्या शुभवर्तमानातले दोन अध्याय शेजारी ठेवून वाचले तर वाचणारा बुचकळ्यात पडतो. सहाव्या अध्यायात येशू डोंगरावर बसून लोकांना सांगतो की काय खावं, काय ल्यावं याची काळजी करू नका. पाखरं ना पेरतात ना कोठारं भरतात, तरी जगतात. पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी हिशेब मागितला जातो तो मात्र नेमका खाण्यालेण्याचाच: भुकेल्याला जेवू घातलं का, उघड्याला कपडा दिला का, आजाऱ्याची विचारपूस केली का. मग खाण्यालेण्याची काळजी करायची की नाही? दोन्ही ठिकाणची भूक एकाच माणसाची धरली तरच हा गोंधळ होतो. सहाव्या अध्यायातली भूक माझी आहे, पंचविसाव्यातली शेजाऱ्याची. स्वतःच्या उद्याची चिंता देवावर सोपवायची आणि त्यामुळे मोकळे झालेले हात दुसऱ्याच्या आजच्या गरजेला लावायचे, हा माझ्या मते ख्रिस्ती भरवशाचा रोजचा व्यवहार. यातलं पहिलं केलं आणि दुसरं सोडलं तर तो निव्वळ आळस होतो. दुसरंच तेवढं केलं तर माणूस चार-पाच वर्षांत थकतो, चिडचिडा होतो आणि ज्यांची सेवा करतो त्यांच्यावरच खेकसू लागतो.

जुन्या करारातली मान्नाची गोष्ट या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. रानात उपाशी पडलेल्या इस्राएल लोकांना आकाशातून अन्न मिळालं एवढंच आपल्या लक्षात राहतं. पण ते कुणाच्या ताटात आयतं पडत नव्हतं. पहाटे उठून गोळा करावं लागे, कारण ऊन तापलं की वितळून जाई. मग जात्यावर दळायचं किंवा उखळात कुटायचं, शिजवायचं, त्याच्या भाकरी करायच्या. उद्यासाठी राखून ठेवलं तर त्यात किडे पडत. फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचं, म्हणजे दुसऱ्या दिवशी कामाला सुट्टी. कष्टांतून सूट नाही. सूट आहे ती साठवण्याच्या धास्तीतून. देवाकडचं आपलं मागणंही याच नजरेने पाहता येतं. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत सप्टेंबरात मेणाचे हात, पाय, बाळं आणि घरं विकायला असतात. पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा, घर हवं त्याने घर. या नवसाला हसणाऱ्यांपैकी मी नाही. देवाकडे मागण्यात कमीपणा कसला? मात्र मागणं स्वतःच्या उंबरठ्याच्या आतच संपत असेल तर पंचविसावा अध्याय न उघडताच राहिला.

महाराष्ट्रात हा व्यवहार कसोटीला लागलेला पाहायचा तर पंडिता रमाबाईंचं केडगाव पाहावं. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेलेली ही बाई. भुकेचं भय तिच्याइतकं रास्त कुणाचं असणार? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, विधवा घेऊन आल्या. अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनने मदतीची जी दहा वर्षांची हमी दिली होती, तिची मुदत १८९८ साली संपत होती. म्हणजे उत्पन्नाची खात्री कमी होत असताना खाणारी तोंडं वाढत होती आणि १९००च्या सुमारास त्यांच्या केडगावच्या मुक्तीसदन आश्रमात दीड हजाराच्या आसपास माणसं राहत होती. कुणापुढे हात न पसरता, प्रार्थनेच्या बळावर ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांची हकीकत बाईंनी वाचलेली होती. तसाच भरवसा त्यांनी धरला, पण केडगावात शेती होती, फळबाग होती, गुरं होती, हातमाग आणि तेलाचा घाणा होता. छापखान्यात बायका खिळे जुळवत होत्या, अंध मुली ब्रेल शिकत होत्या. प्रार्थना आणि घाणा ही दोन वेगळी खाती आहेत असं बाईंनी कधी मानलेलं दिसत नाही.

देवावर भार टाकणारी माणसं अन्यायापुढे मान तुकवतात, हा आक्षेप जुना आहे आणि अनेक भाविकांच्या बाबतीत खराही आहे. रमाबाईंना तो लागू होत नाही. १८९७च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी रुग्णालयात बायकांची काय अवस्था आहे यावर त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये जाहीर पत्र लिहिलं आणि ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत, तेव्हा जपून बोलावं, हा हिशेब त्यांनी केला नाही. इंग्लंडमधल्या ज्या जोगिणींनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीही त्या धर्मसिद्धान्तांवरून पत्रांतून कडाक्याचं भांडल्या. स्वतःची काळजी सुटलेल्या माणसाला गप्प बसवणं अवघड जातं. त्याला धमकी द्यायची तरी कशाची?

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ही सेवा म्हणजे धर्मांतराचं आमिष. रमाबाईंच्या आधीच्या शारदा सदन या संस्थेवर हा आरोप झाला तेव्हा, १८९३ साली, रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्यांना संकुचित म्हणून मोडीत काढता येणार नाही. दुष्काळात जिला दुसरं दारच उघडं नाही, तिने स्वीकारलेला धर्म कितपत तिच्या मर्जीचा, हा प्रश्न मला आजही योग्य वाटतो. बाईंनी आपला धर्म लपवला नाही, हे त्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं ख्रिस्ताच्या शिकवणुकीतच शोधायला हवं. वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उचलणाऱ्या शमरोन्याने त्याला धर्म विचारला नाही; खाणावळवाल्याच्या हातावर दोन दिनार ठेवले, जास्त लागले तर परत येताना देईन म्हणाला आणि पुढच्या वाटेला लागला. जो बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आपल्या सेवेचं फळ मोजतो, त्याने देवाचं काम स्वतःच्या हाती घेतलं आहे. त्याच्याजवळ उत्साह असेल, भरवसा नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं देवाशिवायही होतं. होतं, आणि उत्तम होतं. शेवटच्या न्यायाच्या त्याच प्रसंगात उजवीकडे उभे केलेले लोक चकित होऊन विचारतात की प्रभू, आम्ही तुला कधी वाढलं? आपण कुणाची सेवा करतोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. तेव्हा चांगुलपणाचा मक्ता श्रद्धावंतांकडे नाही. श्रद्धा इतकंच करते की फळ हाती न लागताही माणसाला कामावर टिकवून धरते, आणि न लागण्याचे प्रसंग थोडे नसतात. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा, जिच्याकडे मुक्तीची धुरा जायची, ती १९२१ साली आईच्या आधी गेली. प्रार्थनेचा असा निकाल लागल्यावर बाईंनी काय केलं? बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू ठेवलं. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. पूर्ण ग्रंथ छापून निघाला तो त्यानंतर.

अशा भरवशाचं अलीकडचं उदाहरण जामखेडचं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेलं जोडपं १९७० साली या दुष्काळी तालुक्यात आलं. लोकांना आधी पाणी नि अन्न हवंय हे दिसल्यावर त्यांनी तेच काम हाती घेतलं. हातपंप दलित वस्तीत बसावेत असा त्यांचा आग्रह असे; पाणी हवं त्याने तिथवर चालत यावं. पुढे त्यांनी आरोग्याचं काम सोपवलं ते गावच्या बायांवर, ज्यांतल्या कितीतरी निरक्षर होत्या. बाळंतपण, जुलाब, कुपोषण हे सारं त्या बाया हाताळू लागल्या. डॉक्टरने आपलं ज्ञान असं वाटून टाकणं म्हणजे उद्याचं महत्त्व आजच सोडून देणं. धर्मांतराची अट कुठे नव्हती.

स्वतःची चिंता सोडून दुसऱ्याची गरज पाहण्याचा हाच निकष मराठी ख्रिस्ती समाजाला लावला तर निकाल फारसा बरा लागत नाही. देवळात एका प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी घराणी सोयरीक जुळवताना पूर्वाश्रमीची जात विचारतात. कारण विचारलं तर मुलांच्या भविष्याचं, समाजातल्या प्रतिष्ठेचं नाव निघतं. ही सहाव्या अध्यायातलीच चिंता आहे आणि तिथे भरवसा नापास झाला आहे. उलट मराठवाड्यात, अहिल्यानगरकडे कागदोपत्री जुनीच जात ठेवून चर्चमध्ये येणारी गरीब कुटुंबं आहेत. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, म्हणून त्यांना हे करावं लागतं. त्यांना ‘देवावर भरवसा ठेवा’ असं व्यासपीठावरून ऐकवणाऱ्या सुस्थितीतल्या बांधवांना माझी विनंती आहे: आधी त्यांच्या एखाद्या मुलीची कॉलेजची फी भरा, मग उपदेश करा.